कोयता चौदा

फुंकणी हे तिचं खरं नाव नव्हतं. सरकारी कागदावर तिला 'श्वासवेध' म्हणत. वीतभर लांबीची पांढरी पोकळ नळी. एका टोकाला ओठ लावायचे आणि दहा वेळा फुंकायचं. पण ऊसतोडीच्या तळावर मी ती पहिल्यांदा पिशवीतून काढली, तेव्हा केवळाबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती हसत सुटली.

"अगं बया, ही तर फुंकणीच की! ताई, सरकारनं आता चूल बी फुंकाया लावली व्हय?"

"चूल नाही, छाती," मी म्हटलं. "जोरात नको. लेकराच्या डोळ्यात कचरा गेल्यावर फुंकतेस ना, तशी."

तिनं ओठ लावले. दोन फुंकरा झाल्या आणि नळी बाजूला धरून ती गुणगुणायला लागली.

"पयली मव्ही फुंक गं, चुलीमंदल्या जाळाला,
दुसरी मव्ही फुंक गं, पाळण्यातल्या बाळाला..."

"आणि तिसरी?"

"तिसरी अजून सुचली न्हाई. सुचली की सांगंन." मग ती खोकली. खोकताना एक हात छातीवर आणि दुसरा मांडीवरच्या दीड वर्षाच्या जाईच्या कानावर. लेक दचकू नये म्हणून.

मी वासंती. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात उपचार-सोबती म्हणून काम करते. क्षयाच्या माणसाला औषध पोचवायचं, ते त्यानं घेतलं का बघायचं, त्याच्या घरच्यांची समजूत काढायची, एवढंच काम. दिवाळी सरली की कारखान्याची चिमणी धूर सोडायला लागते आणि नदीकाठच्या माळावर बीडकडच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबू वाकवून वर चटई टाकली की झाली कोपी. आत जायचं तर कमरेत वाकावं लागतं. अंकुशराव मुकादमाची टोळी बावीस कोयत्यांची. एक कोयता म्हणजे दोन माणसं, नवरा-बायको. तो ऊस तोडतो, ती आपल्या कोयत्यानं पाला सवळते, म्हणजे सोलून काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीकडं चालू लागते. हिशेबाला दोघं मिळून एक. कोपीचे बांबू कोयत्यामागे, चटई कोयत्यामागे, जळण कोयत्यामागे.

त्या दिवशी मीही तशीच मोजणी केली. मुकादमाच्या यादीत नावं नव्हतीच, नुसते आकडे होते. "तीन केवळा हायती आन चार आसराबाई," अंकुशराव म्हणाले. "नावानं हाका मारत बसलात तर संध्याकाळ व्हईल. आकडा धरा, ताई." मी आकडा धरला. कोयत्यापुढं एकेक खूण करत गेले, आणि चौदाव्यापाशी नळीच्या बुडाशी लाल ठिपका पेटला. केवळाबाईचा श्वास.

तिचा नवरा आश्रुबा तेव्हा ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेला होता. यादीत मात्र चौदापुढं खूण झालेली होती.

*

या नळीचं गुपित साधं आहे. बोलताना, खोकताना, नुसतं फुंकतानाही फुप्फुसातून डोळ्यांना न दिसणारे थेंब बाहेर येतात. आत क्षयाचे जंतू असतील, तर त्यांच्या मेणचट सालीचे कण त्या थेंबांना चिकटलेले असतात. नळीतली नखाएवढी चकती ते कण धरते आणि मोजते. गोळी घेतलेल्या माणसाच्या श्वासात गोळीचाही माग राहतो. दुसरी चकती तो मोजते. म्हणजे जंतू किती उरले आणि औषध किती पोटात गेलं, दोन्ही दहा मिनिटांत कळतं. पूर्वी थुंकीच्या बाटल्या घेऊन माणसं चार-चार दिवस तिष्ठायची. ते दिवस गेले, बरं झालं.

नळी मोजते आणि पुढचं 'होरा' सांगतो. होरा म्हणजे आमच्या टॅबमधली गणिती प्रणाली. गरीब देशांतल्या लाखो क्षयरुग्णांच्या नोंदी तिला शिकवलेल्या: कोण बरं झालं, कुणी औषध अर्ध्यात टाकलं, कोण गेलं, आणि का. ती वजन विचारते, साखर विचारते, तंबाखू-दारू विचारते. दवाखाना किती लांब, डोक्यावर छप्पर कसलं, माणूस कामासाठी गाव सोडतो का, आधी कधी उपचार अर्धवट सुटलाय का, औषध हातावर ठेवणारं घरात कुणी आहे का. मग शंभरातला एक आकडा देते. साठ किंवा वर असेल तर आठ आठवड्यांचं नवं औषध. खाली असेल तर सहा महिन्यांचं जुनं. नवं औषध थोडं येतं आणि ते अर्धवट घेणं फार वाईट. जंतूंना अर्धा मार बसला की ते मरत नाहीत, मार पचवायला शिकतात. मग तेच शिकलेले जंतू पुढच्या माणसाच्या छातीत जातात.

केवळाबाईचा आकडा आला एकसष्ट. थोडक्यात बचावली. मी तिला औषधाची डबी दिली. ही डबी उघडली की केंद्रात नोंद होते. रोज एक पाकीट, पाकिटात एकसारख्या चार गोळ्या. बरोबर दोन अंडी. डबीवर निळ्या पेनानं मी ठळक लिहिलं: 'कोयता १४'.

तिसऱ्या आठवड्यात होराच्या पडद्यावर तिच्या रेघेला तांबडी चौकट आली. डबी रोज वेळेवर उघडलेली. श्वासात औषध मात्र निम्मं. जंतू आधी थोडे उतरले, मग जागच्या जागी थांबले. खाली होराचं मत: 'डबी उघडते, गोळी घेत नाही. फसवणुकीची शक्यता सत्त्याऐंशी.'

मणेर मॅडमनी मला आत बोलावलं. डॉक्टर निलोफर मणेर आमच्या केंद्राच्या प्रमुख; बोलायला कडक, पण रुग्णाच्या घरी चहा घेतल्याशिवाय निघत नाहीत.

"वासंती, हिचं नवं औषध थांबवायचं. शुक्रवारी गाडी येईल. निवासी केंद्रात सहा महिने, डोळ्यांदेखत गोळी."

"दीड वर्षाची लेक आहे, मॅडम. अंगावर पिते अजून."

"लेकरू तिथं नेता येत नाही, तुला माहितीय." त्यांनी चष्मा काढला. "मला आनंद होतोय का हे करताना?"

मी बाहेर आले. भांडले नाही, कारण मी होरावर विश्वास ठेवायला शिकले होते. त्याला कारण होतं. आमच्या गल्लीतले बाबूमामा, यंत्रमागावर काम करणारे. होरा येण्याआधीची गोष्ट. विचारलं की रोज म्हणायचे, "घेतली गं पोरी, पाणी पिऊन घेतली." मी त्यांच्या शब्दावर खूण करायची. ते गेल्यावर त्यांच्या उशीच्या खोळीतून एकशे अकरा गोळ्या निघाल्या. तेव्हापासून माणसाच्या शब्दापुढं मी नळी धरते.

*

बुधवारी दुपारी उसाच्या फडात गेले. केवळाबाई मोळी बांधत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. माझ्यासाठी तिनं उसाचं एक कांडं सोलून ठेवलं होतं.

मी ते घेतलं नाही. "गोळ्या कुठं टाकतेस?"

"टाकत्ये? कुठं टाकू?"

"खोटं बोलू नकोस केवळा. नळीनं सगळं सांगितलंय. निम्मं औषध पोटात जात नाही तुझ्या."

मोळीची गाठ तिच्या हातात तशीच राहिली. "ताई, जाईची आण घेऊन सांगत्ये. येक गोळी बी मातीत गेली न्हाई."

"लेकीची आण घेऊ नकोस. शुक्रवारी तुला न्यायला गाडी येणार आहे. सहा महिने. लेकीला नेता येणार नाही."

पलीकडून अंकुशराव आले, कानावर पडलंच होतं. "ताई, हिला नेली तर आश्रुबाचा अर्धा कोयता राहील. मव्ही टोळी काय साडेएकवीस कोयत्यांची करता का?" कुणीतरी हसलं. केवळाबाई हसली नाही. कंबरेची पिशवी सोडून तिनं डबी काढली आणि माझ्या पायाशी ठेवली.

"घ्या. नळी खरी, मी खोटी. तिसरी फुंक आता न्हाई सुचायची."

ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडं गेली. एरवी चालताना तिच्या ओठांवर काहीतरी असायचं. त्या दिवशी नुसता पाला वाजत राहिला.

मी डबी उचलून उसाच्या बुडख्यावर ठेवली. "गाडी येईपर्यंत चालू ठेव," एवढंच तिच्या पाठीला म्हटलं.

*

केंद्रात परत येऊन मी तिची रेघ पुन्हा उघडली. राग होता, आणि रागाखाली काहीतरी टोचत होतं. एकवीस दिवसांची रेघ. नळी मुकादमाकडं ठेवलेली असायची, केवळाबाई रोज सकाळी तिथं जाऊन फुंकायची. मी बोट ठेवत गेले. निम्मं. निम्मं. निम्मं. परत निम्मं.

बाबूमामांनंतर गोळ्या चुकवणाऱ्या कितीतरी जणांच्या रेघा मी पाहिल्यात. चुकवणारा माणूस असा चालत नाही. तो आज सगळ्या घेतो, उद्या एकही नाही; पोटात मळमळलं की टाकतो, सोबती येणार असं कळलं की दोन दिवसांच्या एकदम गिळतो. त्याची रेघ पावसाळ्यातल्या वाटेसारखी, खड्ड्याखड्ड्यांची. ही रेघ मात्र ओळंब्यासारखी सरळ होती. इतकं शिस्तीत, रोज बरोबर निम्मं कोण फसवील? फसवणुकीला एवढा नेम नसतो. नेम असतो वाटणीला.

वाटणी हा शब्द मनात आला आणि मी खुर्चीवरून उठले. मॅडम निघून गेल्या होत्या. मी पहाट उजाडायची वाट बघितली आणि तांबडं फुटताना कोप्यांपाशी पोचले.

चुली पेटल्या होत्या. चौदा नंबरच्या कोपीसमोर केवळाबाई भाकरी थापत होती. आश्रुबा जाईला मांडीवर घेऊन विस्तवाशी बसलेला, काटकुळा, मफलरीत गुंडाळलेला. मला बघून केवळाबाईनं तोंड फिरवलं, पण हाताचं काम थांबवलं नाही. भाकर शेकली, तिचे दोन तुकडे झाले. एक त्याच्या ताटलीत, एक तिच्या. अंडी उकडलेली होती, एक जाईला, दुसऱ्याचे दोन भाग. मग तिनं डबी उघडली, पाकीट फाडलं. चार गोळ्या. दोन आपल्या तळहातावर. दोन त्याच्या ताटलीच्या कडेला.

आश्रुबानं पाण्याबरोबर त्या गिळल्या आणि खोकला. तोच खोकला. मी तो तीन आठवडे नुसता केवळाबाईच्या छातीत ऐकत होते.

"केवळा," मी म्हटलं, "दोन गोळ्या त्यांना का?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी भाकरीला भाकर का म्हणतात ते विचारलं. "काहून म्हंजे? कोयत्याचं औषीध हाय ना ते?"

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच लिव्हलंय की! मुकादमानं वाचून दावलं." तिनं डबी माझ्यापुढं धरली. निळी शाई, माझं वळणदार अक्षर. कोयता १४. "बांबू कोयत्याला, चटई कोयत्याला. औषीध बी कोयत्याला आलं. ह्यांना बी खोकला हायेच. मी येकटीनं खावं व्हय? मला वाटलं, तुम्ही इच्चार करूनच दिलंय दोघांना मिळून."

आश्रुबा हळूच म्हणाला, "मी म्हनलं व्हतं, तूच घे सगळ्या. तर म्हनती कशी, वाटणीत खोट नगं."

मी चुलीशेजारी मातीतच बसले. बाबूमामांनी गोळ्या लपवल्या म्हणून मी माणसाच्या शब्दावर खूण करणं सोडलं होतं. आणि इथं दोन माणसांवर एकच खूण केली होती, न विचारता.

"चुकलं ते माझं," मी म्हटलं. "तुझं काही चुकलं नाही. काल जे बोलले ते मी मागं घेते."

केवळाबाईनं परातीतलं पीठ गोळा केलं. मग म्हणाली, "भाकर खाता का? गरम हाय."

*

आश्रुबानं फुंकलं. लाल ठिपका पेटला. पण आता त्याहून मोठा प्रश्न होता. तीन आठवडे दोघांच्या छातीत जंतूंनी अर्धा मार खाल्ला होता. ते शिकले असतील, तर नवं औषध दोघांनाही कामाचं नव्हतं, आणि मग गाडी एकटीला नाही, दोघांना न्यायला आली असती.

जंतू शिकलेत की नाहीत ते सांगणारी चकती वेगळी असते. तिला दिवस लागतो. तो गुरुवार मी रिकामा जाऊ दिला नाही. यादी फाडली आणि नवी केली. चव्वेचाळीस नावं, वर पोरं. तीन केवळा, चार आसराबाई, प्रत्येकीच्या नावापुढं तिचं माहेरचं गाव. अंकुशराव कुरकुरले, "संध्याकाळ केलीत बघा." पण प्रत्येकाला हाक त्यांनीच मारली. आणखी एक लाल ठिपका निघाला, नवव्या कोयत्यातला एक जवान गडी, ज्याला खोकलासुद्धा नव्हता.

शुक्रवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर चकतीचा निकाल आला. मॅडमनी तो मला वाचायला दिला. दोघांचे जंतू जुनेच होते, मार न शिकलेले.

"नशीब," मॅडम म्हणाल्या.

"चारही गोळ्या एकसारख्या होत्या म्हणून," मी म्हटलं. "प्रत्येक गोळीत सगळी औषधं मिसळलेली. दोघांना सगळीच मिळाली, थोडी-थोडी. अजून महिनाभर चाललं असतं तर सांगता आलं नसतं."

"बरं. केवळाबाईचा फसवणुकीचा शेरा मी माझ्या हातानं काढते, कारण लिहून. तिचं नवं औषध पहिल्यापासून सुरू. आश्रुबाचा आकडा बघ."

मी बघितला होता. एकतीस. वजन कमी, तंबाखू, कामासाठी स्थलांतर, दोन वर्षांपूर्वी गावी सुरू केलेला उपचार टोळी निघाल्यावर अर्ध्यात सुटलेला.

"जुनं औषध," मॅडम म्हणाल्या. "सहा महिन्यांचं. आणि तीन महिन्यांनी टोळी परत जाणार. तो पुन्हा सोडणार. होरा खोटं बोलत नाही, वासंती."

"खोटं नाही बोलत मॅडम. त्याला आपण खोटं सांगितलंय." मी टॅब त्यांच्यापुढं वळवला. "हा रकाना बघा. 'औषध हातावर ठेवणारं घरात कुणी आहे का?' नाही. कुणी भरलं हे? मी नाही. स्थलांतर 'हो' म्हटलं की हा रकाना आपोआप 'नाही' होतो. घर तीनशे किलोमीटर लांब, म्हणून. पण यांचं घर लांब नाहीये. यांचं घर यांच्याबरोबर चालतं. भाकरीचे दोन तुकडे करणारी बाई रोज त्याच्या ताटलीत गोळी ठेवते, एकवीस दिवसांत एकदाही चुकली नाही. एवढी सोबत तर गावात पक्क्या घरात राहणाऱ्यालाही नसते. आणि पुरावा आपल्या नळीचाच आहे. ती सरळ रेघ."

मॅडमनी चष्मा चढवला. रेघ बघितली. मग म्हणाल्या, "बदल तो रकाना. माझ्या सहीनं."

मी 'हो' केलं. होरा थोडा थांबला. आकडा हलला. एकतीसचे सहासष्ट झाले.

मॅडम हसल्या नाहीत, पण खिडकीतून खाली वाकून ड्रायव्हरला ओरडल्या, "गाडी परत ने रे! आणि मुख्यालयात सांग, होरातला एक रकाना राज्यभर आपोआप भरला जातोय. मी स्वतः तसं लिहून पाठवणार आहे."

*

त्या दुपारी दोन डब्या घेऊन मी फडात गेले. निळं पेन काढलं. एका डबीवरच्या कोऱ्या कागदावर लिहिलं, 'केवळाबाई'. दुसरीवर, 'आश्रुबा'. प्रत्येकाला रोज चार-चार. अंडीही दोघांना.

केवळाबाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे मव्हं नाव हाय?"

"तुझंच."

"कुठंच न्हाई बघा लिव्हलेलं. मुकादमाच्या यादीत बी न्हाई." मग डोळे मिचकावून नवऱ्याला म्हणाली, "ऐकलं का, आता वाटणी बंद. तुव्ही डबी तुला, मव्ही मला. मागू नका."

"तू बी मव्ही अंडी बघू नगस," तो म्हणाला.

पौष गेला, माघ गेला. दोन रेघा शेजारी-शेजारी चालत राहिल्या, पूर्ण उंचीच्या. जंतूंची रेघ उतरत-उतरत जमिनीला टेकली. केवळाबाईच्या गालाची हाडं बुजली. आश्रुबा मोळी टाकताना शीळ घालायला लागला.

हंगाम संपला त्या दिवशी टोळी ट्रॉलीत सामान भरत होती. बांबू, चटया, कोंबड्या, पातेली. मी शेवटच्या तपासणीला फुंकणी घेऊन गेले. आधी आश्रुबा. हिरवा ठिपका. मग केवळाबाईनं नळीला ओठ लावले, दहा फुंकरा मारल्या, आणि ठिपका पेटायच्या आतच नळी माझ्या हातात देऊन म्हणाली,

"ताई, सुचली बघा.

पयली मव्ही फुंक गं, चुलीमंदल्या जाळाला,
दुसरी मव्ही फुंक गं, पाळण्यातल्या बाळाला,
तिसरी मव्ही फुंक गं, उरातल्या काळाला!"

ठिपका हिरवा झाला. जाईनं टाळ्या पिटल्या, कशासाठी ते तिला माहीत नव्हतं.

केवळाबाईनं रिकाम्या डब्यांवरचे कागद नखानं अलगद सोडवले होते. एक तिनं आपल्या कोयत्याच्या मुठीवर चिकटवला होता, दुसरा नवऱ्याच्या. वरून दोरा गुंडाळून घट्ट.

ट्रॉलीवरून अंकुशरावांनी मोजणी सुरू केली. "बारा... तेरा... कोयता चौदा! चढा लवकर!"

केवळाबाई जाईला काखेत घेऊन उभी राहिली. चढली नाही.

"मुकादम, नाव घ्या," ती म्हणाली. "दोन हायती."

अंकुशराव तिच्याकडं बघत राहिले. मग मुठीवरच्या निळ्या अक्षरांकडं. मान खाजवली, माझ्याकडं एक तिरकी नजर टाकली, आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"केवळाबाई!"

"हाय!"

"आश्रुबा!"

"हाय!"